रहस्यकथाकाराची प्राप्ती आणि ‘पुस्तक विकणे’ या प्रयोगाचे अर्थ

ग्रंथकाराला ग्रंथापासून किती द्रव्यप्राप्ती होते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयाचा नाही, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. कवीच्या वा नाटककाराच्या मिळकतीची चौकशी करणे अनुदारपणाचे समजले जाते. रहस्यकथाकाराच्या बाबतीत मात्र हा संकेत कोणी पाळीत नाही. त्याने पैशासाठीच लिहिले, असे आपण गृहीत धरतो. आणि पैशासाठी लिहिले त्या अर्थी त्याला तो विपुल मिळाला असला पाहिजे, असेही गृहीत धरतो. यांपैकी पहिल्या गृहीताशी प्रस्तुत लेखात आपल्याला कर्तव्य नाही. दुसरे तपासून पाहावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे या अर्थशास्त्रीय प्रश्नाकडे तो शब्दांच्या वाटेने आला, हे आरंभीच सांगितलेले बरे. लेखकाला मिळणाऱ्या पैशाला मराठीत निदान तीन शब्द आहेत : मानधन, मोबदला आणि स्वामित्वधन. ‘मानधन’ या समासात धनाच्या आधी मान येतो, आणि व्यवहारातही पुष्कळदा तो धनाची जागा अडवून बसतो. जे सन्मानार्थ दिले जाते ते किती असावे याविषयी घासाघीस करता येत नाही; देणाराच रक्कम ठरवितो. ‘मोबदला’ हा रोखठोक शब्द आहे; एक वस्तू दिली, तिच्या बदल्यात दुसरी घेतली आणि व्यवहार संपला. ‘स्वामित्वधन’ हा ‘रॉयल्टी’ या इंग्रजी शब्दासाठी योजिलेला पर्याय. मूळ इंग्रजी शब्द राजाच्या हक्कांचा वाचक होता. पुढे जमिनीतून खनिज काढणाऱ्याने जमिनीच्या धन्याला द्यावयाच्या हिश्शासाठी तो रूढ झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथकाराच्या हिश्शाला लावण्यात येऊ लागला. आपल्याकडे महसूल खात्याच्या कागदपत्रांत वाळू, मुरूम आदी गौण खनिजांवरील आकारणीलाही स्वामित्वधनच म्हणतात. हा योगायोग कित्येकांना हास्यास्पद वाटेल. वस्तुतः तो अर्थपूर्ण आहे. खाणीचा धनी खाण विकत नाही. जितके खनिज बाहेर पडेल तितक्याचा हिस्सा तो घेत राहतो. ज्याने खाणच विकली, त्याला पुढे तीतून सोने निघाले काय नि दगड निघाले काय, सारखेच.

रहस्यकथाकारांच्या मिळकतीचा इतिहास हा बव्हंशी या एका भेदाचा इतिहास आहे. कोणाचे पुस्तक किती खपले यापेक्षा त्याने नेमके काय विकले, हे पाहिल्याशिवाय त्याच्या प्राप्तीचा उलगडा होत नाही. परंतु ‘विकणे’ हे क्रियापद, मराठीत तसेच इंग्रजीतही, हा भेद दाखवीत नाही. ‘पुस्तक विकले’ या वाक्याचा अर्थ दुकानदाराने एक प्रत विकली असा होतो, लेखकाने हस्तलिखित एका आवृत्तीपुरते छापावयास दिले असा होतो, आणि त्याने आपला सर्व हक्क कायमचा सोडला असाही होतो. या तीन अर्थांमधील अंतर पैशात मोजू गेल्यास ते केवढे निघते, हे काही प्रसिद्ध उदाहरणांवरून पाहू.

हेरकथेचा जनक म्हणून एडगर ॲलन पो याचे नाव घेतले जाते. १८४१ साली फिलाडेल्फिया येथील ‘ग्रॅहम्स मॅगझीन’मध्ये त्याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा प्रसिद्ध झाली. पो त्या वेळी त्याच मासिकाचा पगारी संपादक होता. या कथेसाठी त्याला ५६ डॉलर मिळाले. दोन वर्षांनी ‘द गोल्ड-बग’ या कथेला १०० डॉलरचे बक्षीस मिळाले. पो आयुष्यभर ओढगस्तीत राहिला. परकीय लेखकांना अमेरिकेत कायद्याचे संरक्षण १८९१ सालापर्यंत नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्लंडातील प्रसिद्ध लेखकांची पुस्तके तेथील प्रकाशकाला फुकट छापता येत असताना देशी लेखकाला अधिक दाम देण्याचे त्याला कारण नव्हते.

फर्गस ह्यूमचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेलबर्न येथे एका बॅरिस्टरकडे कारकुनी करणाऱ्या या तरुणाने १८८६ साली ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ ही कादंबरी स्वखर्चाने छापली. ती चालते असे दिसताच काही सट्टेबाज मंडळींनी तिचे हक्क ५० पौंडांना घेतले, लंडनमध्ये त्याच कादंबरीच्या नावाची कंपनी काढली आणि काही लाख प्रती खपविल्या. त्या लाखो प्रतींपैकी एकीचाही छदाम ह्यूमला मिळाला नाही. ही कथा रहस्यकथाकारांच्या नागवणुकीचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. ह्यूमने नाट्यप्रयोगाचे हक्क विकले नव्हते, आणि कादंबरीचे नाटक रंगभूमीवर चालले तेव्हा त्याला त्यातून पैसा मिळाला. म्हणजे ‘पुस्तक विकले’ या एका वाक्यात त्याने एक वस्तू दिली होती आणि दुसरी राखून ठेवली होती. राखलेली वस्तू विकलेलीपेक्षा अधिक फलद्रूप झाली.

याच सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथसी येथे वैद्यकी करणारा आर्थर कॉनन डॉइल आपल्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीसाठी प्रकाशक शोधीत होता. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ अनेकांनी परत केली. अखेर १८८६ च्या शरदात वॉर्ड, लॉक या संस्थेने कळविले की, स्वस्त कादंबऱ्यांनी बाजार भरून गेला असल्यामुळे यंदा पुस्तक काढता येत नाही. पुढील वर्षापर्यंत थांबण्याची तयारी असल्यास सर्व हक्कांसह २५ पौंड देऊ. डॉइलने शेकडेवारीने हिस्सा मागितला. तो नाकारण्यात आला. त्याने २५ पौंड घेतले. १८८७ च्या नाताळात एक शिलिंग किमतीच्या वार्षिक अंकात कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे तिच्या किती आवृत्त्या निघाल्या हे सांगत बसण्याचे कारण नाही. डॉइलला तिच्यापासून आणखी एक पेनीही मिळाली नाही. त्या वार्षिक अंकाची एक जीर्ण प्रत २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात दीड लाखाहून अधिक डॉलरांना गेली. प्रत विकणे आणि पुस्तक विकणे यांतील फरक याहून ठळकपणे दाखविता येणार नाही.

डॉइल मात्र एका ठेचेने शहाणा झाला. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने त्याला व ऑस्कर वाइल्डला भोजनास बोलाविले, आणि त्या भोजनाचे फलित म्हणून ‘द साइन ऑफ फोर’ लिहिली गेली. तिच्यासाठी १०० पौंड मिळाले, आणि ते मासिकातील प्रकाशनापुरते. पुस्तकरूपाने तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने काढली. १८९१ साली त्याने लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून दवाखाना थाटला. रुग्ण फिरकत नसत, त्यामुळे लिहावयास वेळ भरपूर होता. ‘स्ट्रँड’ मासिकाला दिलेल्या पहिल्या सहा होम्सकथांना प्रत्येकी सुमारे ३५ पौंड मिळाले. मासिकाने आणखी मागितल्यावर त्याने लांबी कितीही असो, कथेला ५० पौंड, अशी अट घातली. ती तत्काळ मान्य झाली. त्यानंतरच्या बारा कथांसाठी त्याने १,००० पौंड मागितले. संपादक नकार देतील अशी त्याची अपेक्षा, किंबहुना इच्छा होती, कारण त्याला होम्सचा कंटाळा आला होता. तेही मान्य झाले. १८९३ साली त्याने होम्सला मारले. दहा वर्षांनी त्याला पुन्हा जिवंत करण्यासाठी अमेरिकेतील ‘कॉलिअर्स’ या साप्ताहिकाने तेरा कथांना ४५,००० डॉलर देऊ केले, तेही केवळ अमेरिकेतील प्रकाशनाचे. इंग्लंडमधील ‘स्ट्रँड’चे पैसे वेगळे, पुस्तकांचे वेगळे, नाटकाचे वेगळे.

सतरा वर्षांत डॉइलची लेखणी कित्येक पटींनी सुधारली, असे कोणी म्हणणार नाही. वाचकवर्ग वाढला हे खरे. पण मुख्य फरक असा की, १८८६ साली त्याने एक अखंड वस्तू विकली, आणि १९०३ साली त्याच वस्तूचे तुकडे करून प्रत्येक तुकडा निरनिराळ्या गिऱ्हाइकाला काही काळापुरता भाड्याने दिला. दोन्ही प्रसंगी इंग्रजी भाषेत त्याने कथा ‘विकली’.

ॲगाथा ख्रिस्ती हिच्या पहिल्या करारनाम्याकडे वळू. ‘द मिस्टीरिअस अफेअर ॲट स्टाइल्स’ ही कादंबरी १९२० साली अमेरिकेत व १९२१ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाली. प्रकाशक जॉन लेन यांनी हक्क विकत घेतले नाहीत. हिस्सा देण्याचे मान्य केले. वरवर पाहता हा डॉइलच्या कराराहून चांगला करार होता. परंतु हिस्सा पहिल्या दोन हजार प्रती खपल्यानंतर सुरू व्हावयाचा होता, आणि प्रती खपल्या दोन हजारांच्या आतच. साप्ताहिकात क्रमशः प्रकाशनाचे ५० पौंड आले, त्यांपैकी निम्मे प्रकाशकाचे. लेखिकेच्या हाती पडले २५ पौंड. म्हणजे डॉइलला मिळालेल्या रकमेइतकेच, आणि दरम्यान तेहेतीस वर्षे उलटली होती! शिवाय पुढील पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला देण्याचे बंधन होते. हिस्सेवारीचा करारही कलमे नीट न वाचल्यास ठोक विक्रीहून फारसा वेगळा राहत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

तथापि एक अंतर होतेच. पुस्तकाची मालकी लेखिकेकडे राहिली होती. १९२४ साली तिच्या एका कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनासाठी लंडनच्या ‘ईव्हिनिंग न्यूज’ने ५०० पौंड दिले आणि त्या पैशातून तिने मॉरिस काउली मोटार घेतली. तिच्या आत्मचरित्रात या मोटारीचे वर्णन ज्या आनंदाने केले आहे, तो कोणत्याही पारितोषिकाच्या वर्णनात आढळत नाही. त्याच वर्षी कॉलिन्स या प्रकाशकाशी तीन पुस्तकांचा करार झाला. प्रत्येकी २०० पौंड आगाऊ. मध्यस्थ म्हणून या वेळी अनुभवी ग्रंथ-अभिकर्ता होता. अभिकर्ता आपली दलाली घेतो हे खरे, पण ‘विकणे’ या क्रियापदाचे कर्म काय, हे तो लिहून घेतो.

पुढील तीस वर्षांत हे उत्पन्न इतके वाढले की, ते सांभाळणे हाच प्रश्न झाला. अमेरिकेतील व इंग्लंडातील करखात्यांशी वर्षानुवर्षे तंटे चालले. १९५५ साली ‘ॲगाथा ख्रिस्ती लिमिटेड’ ही कंपनी स्थापन होऊन बाई स्वतःच्याच नावाच्या कंपनीत पगारी नोकर झाल्या. ‘माउसट्रॅप’ नाटकाचे हक्क तर त्यांनी आधीच आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला देऊन टाकले होते. हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झाले आणि महामारीमुळे २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या मेपर्यंत पडलेला खंड सोडल्यास आजही चालू आहे. त्याच्या चित्रपट-हक्कांची अट अशी की, लंडनमधील प्रयोग बंद झाल्यावर सहा महिन्यांनी चित्रपट काढता येईल. ज्यांनी तो हक्क घेतला ते प्रयोग बंद होण्याची वाट पाहत राहिले.

येथे एक विषयांतर करणे भाग आहे, कारण ते रहस्यकथेला ‘दुय्यम वाङ्मय’ म्हणणाऱ्यांनी ऐकावयास हवे. गयानामध्ये उसाचे मळे असलेली बुकर ही ब्रिटिश साखर-कंपनी. त्या मळ्यांवर आपल्या देशातून गेलेले करारबद्ध मजूर राबत असत, हे वाचकांस ठाऊक असेलच. या कंपनीने १९६४ साली जेम्स बाँडचा जनक इअन फ्लेमिंग याच्या कंपनीतील ५१ टक्के भाग १,००,००० पौंडांना घेतले. लेखकाला जबर करापासून सुटका मिळाली आणि साखर-कंपनीला न आटणारा उत्पन्नाचा झरा मिळाला. १९६८ साली तिने ॲगाथा ख्रिस्ती लिमिटेडचेही ५१ टक्के भाग घेतले. लेखकांच्या हक्कांवर एवढे कमविणाऱ्या संस्थेने वाङ्मयासाठी काही करावे, असे एका प्रकाशकाने सुचविले, आणि त्यातून १९६९ साली ५,००० पौंडांचे बुकर पारितोषिक सुरू झाले. म्हणजे पुढे सलमान रश्दी, अरुंधती रॉय व किरण देसाई यांना जे मिळाले, त्या गंभीर वाङ्मयाच्या सन्मानाचा उगम हेरकथांच्या व थरारकथांच्या मिळकतीत आहे. पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबऱ्यांमध्ये रहस्यकथा क्वचितच दिसते, हा भाग वेगळा.

साखर-कंपनीने नेमके काय विकत घेतले होते? पुस्तके घेतली, असे म्हणणे अपुरे आहे. रहस्यकथेचे एक वैशिष्ट्य असे की, तीतील नायक एका ग्रंथात संपत नाही. सामाजिक कादंबरीतील पात्र शेवटच्या पानाबरोबर मिटते; हेर मात्र पुढल्या खुनासाठी मोकळा असतो. म्हणून या प्रकारात पात्र हीच मालमत्ता होते. या मालमत्तेची मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. डॅशिएल हॅमेट याने ‘द माल्टीज फाल्कन’ या आपल्या कादंबरीचे चित्रपट-हक्क १९३० साली वॉर्नर ब्रदर्सला ८,५०० डॉलरना दिले. तिच्यावर तीन चित्रपट निघाले. त्यांपैकी १९४१ सालचा विशेष गाजला. १९४६ पासून तिचा नायक सॅम स्पेड नव्या कथांसह नभोवाणीवर येऊ लागला तेव्हा वॉर्नरने दावा केला की, पुस्तक घेतले त्या अर्थी सॅम स्पेडही आमचाच. १९५४ साली अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. करारात पात्राच्या नावाचा व पुनर्वापराचा स्पष्ट उल्लेख नव्हता. आणि ज्याचा उल्लेख नाही ते दिले गेले असे धरता येत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा निकाल अवश्य वाचावा. ‘पुस्तक’ या नामाच्या अर्थव्याप्तीत पात्र येते की नाही, हाच त्यातील वादविषय आहे.

हॅमेटप्रमाणेच ‘ब्लॅक मास्क’ या मासिकातून पुढे आलेल्या रेमंड चँडलरला १९३३ साली पहिल्या कथेचे १८० डॉलर मिळाले. दर शब्दाला एक सेंट. ती लिहावयास त्याला पाच महिने लागले होते. दहा वर्षांनी हॉलीवूडमध्ये तो आठवड्याला ७५० डॉलर मिळवू लागला, पण ते दुसऱ्याच्या कादंबरीची पटकथा लिहिण्याबद्दल.

अशी मोठी नावे घेतल्याने वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून आजची सर्वसाधारण स्थिती थोडक्यात नोंदवितो. ब्रिटनमध्ये ज्यांचा मुख्य व्यवसाय लेखन हाच आहे, अशा सर्व प्रकारच्या लेखकांची पाहणी तेथील लेखकसंघटना वेळोवेळी करविते. लेखनापासूनच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यांक २००६ साली १२,३३० पौंड होता. २०१८ च्या पाहणीत १०,४९७ आणि २०२२ च्या पाहणीत ७,००० पौंड. एकूण उत्पन्नापैकी जवळजवळ निम्मा भाग वरच्या दहा टक्के लेखकांकडे जातो. छापील किमतीवर कापडी बांधणीला दहा ते पंधरा टक्के, कागदी बांधणीला साडेसात टक्क्यांच्या आसपास, विद्युत्-पुस्तकाच्या निव्वळ जमेवर पंचवीस टक्के, असे तेथील सामान्य दर आहेत. स्वतःच विद्युत्-पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्यास ॲमेझॉन ठराविक किमतींच्या मर्यादेत सत्तर टक्के देते, पण वाचक शोधण्याचे काम त्याच्यावरच राहते.

वाचक शोधणे किती कठीण असते, हे २०१३ साली दिसले. रॉबर्ट गॅलब्रेथ या अपरिचित नावाने ‘द कुकूज कॉलिंग’ ही हेरकथा प्रसिद्ध झाली. परीक्षणे अनुकूल आली. पहिल्या तीन महिन्यांत कापडी बांधणीच्या सुमारे १,५०० प्रती खपल्या. मग एका वृत्तपत्राने शब्दांची लांबी, शब्दांच्या जोड्या व अव्ययांची वारंवारता यांचे गणन दोघा तज्ज्ञांकडून करवून घेतले आणि लेखिका जे. के. रोलिंग असल्याचे बाहेर आले. काही तासांत पुस्तक विक्रीच्या यादीत पहिले झाले. पुस्तकातील एक अक्षरही बदलले नव्हते. आमच्या शास्त्राने एखाद्या ग्रंथाचा खप वाढविल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ. मराठी रहस्यकथेचा सर्वांत मोठा शिल्पकार बाबूराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९९६ साली ते निवर्तले. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे तीन पिढ्यांच्या ओठांवर होती. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर आहे. गुरुनाथ नाईक यांची संख्याही हजाराच्या पुढे जाते. या आकड्यांचे आपण केवळ कौतुक करतो. लेखनाची पन्नास वर्षे धरली तरी हजार पुस्तके म्हणजे वर्षाला वीस, अठरा दिवसांस एक. एवढा वेग प्रतिभेचा म्हणावा तर म्हणावा, परंतु त्याचे एक आर्थिक कारणही संभवते. जेथे पुस्तकाचा ठोक मोबदला एकदाच मिळतो, तेथे जुने पुस्तक लेखकाला काहीच देत नाही. पुढील महिन्याच्या वाणसामानासाठी पुढील पुस्तक लिहावे लागते. हिस्सेवारीत मागील पुस्तके मिळवती असतात, आणि लेखकाला थांबून विचार करावयास अवसर मिळतो. डॉइलच्या होम्सकथा छप्पन्न आणि कादंबऱ्या चार. झुंजारला आणि काळापहाडाला तशी विश्रांती परवडणारी नव्हती.

त्यात आणखी एक गोष्ट आपल्याकडील. ही लहान, स्वस्त पुस्तके काही आण्यांना मिळत असली तरी बहुसंख्य वाचक ती विकत घेत नसत. गल्लोगल्लीच्या फिरत्या वाचनालयांतून रोजच्या भाड्याने ती आणली जात. एक प्रत दोनशे घरी फिरली तरी हिशेबात खप एका प्रतीचाच. कल्पनेसाठी असे धरू की, आजच्या काळात दोनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती आहे आणि लेखकाचा हिस्सा दहा टक्के आहे. संपूर्ण आवृत्ती खपल्यास वीस हजार रुपये होतात. ती दोन लाख वाचकांनी वाचली तरीही वीस हजारच. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेले गेल्याबद्दल लेखकाला सरकारकडून अल्प रक्कम मिळते. एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांहून अधिक नाही, म्हणजे बड्यांना आळा आणि लहानांना आधार. आपल्याकडे अशी तरतूद नाही. असती, तरी भाड्याची वाचनालये तिच्या कक्षेत आली नसतीच.

आपला १९५७ चा लेखाधिकार कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. १९९४ साली त्यात लेखकाच्या हिताची काही कलमे घालण्यात आली. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची समजावी. प्रदेश लिहिलेला नसल्यास भारतापुरते समजावे. कोणते हक्क दिले ते स्पष्ट लिहावे. कलमे उत्तम आहेत. परंतु त्यांच्याच शेवटी म्हटले आहे की, ही दुरुस्ती अमलात येण्यापूर्वीच्या व्यवहारांना ती लागू नाहीत. म्हणजे मराठी रहस्यकथेचा जो भरभराटीचा काळ, तो या संरक्षणाच्या बाहेर राहिला. तरी एक जुनी अट त्या काळालाही लागू होती व आजही आहे : लेखकाच्या सहीचा लेखी कागद असल्याशिवाय हक्काचे हस्तांतरण कायदेशीर होत नाही. ठोक पैसे घेऊन तोंडी बोलीवर ज्याने पुस्तक दिले, त्याने तेवढ्याने आपला लेखाधिकार दिला असे होत नाही. संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. अर्नाळकरांच्या पुस्तकांच्या बाबतीत ते २०५६ च्या अखेरीपर्यंत राहील.

म्हणून जुन्या रहस्यकथाकारांच्या घरी संशोधनासाठी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपण हस्तलिखिते व पहिल्या आवृत्त्या मागतो. घरातील मंडळी एखादी वही, पावत्यांचा जुडगा, पोस्टकार्डे पुढे करतात तेव्हा आपण ती सौजन्याने परत करतो. ती परत करू नयेत. निदान त्यांची छायाचित्रे घ्यावीत. त्या चिठ्ठ्यांतील भाषा वाचावी. ‘पुस्तकाबद्दल पावले’ आणि ‘पुस्तकाच्या हक्काबद्दल पावले’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. ‘आवृत्तीबद्दल’ असे असल्यास एकाच आवृत्तीचे पैसे पोचले. ‘कायमचे’ हा शब्द आहे की नाही, असल्यास तो कोणत्या पदाला जोडलेला आहे, ते पाहावे. सही लेखकाची आहे की केवळ प्रकाशकाच्या कारकुनाची, हेही पाहावे. आणि ‘पुस्तक दिले’ या मराठी प्रयोगाविषयी विशेष सावध राहावे. आमच्या भाषेत मुलगी देतात, शब्द देतात, उसने देतात आणि दानही देतात; क्रियापद एकच. प्रकाशकाला ‘दिलेल्या’ पुस्तकाचे यांपैकी काय झाले, ते केवळ क्रियापदावरून ठरत नाही. दुसऱ्या आवृत्तीची वेगळी पावती जुडग्यात सापडली, तर पहिल्या वेळी एकाच आवृत्तीचा सौदा झाला होता असे मानावयास सबळ आधार मिळतो. आणि मूळ पुस्तकाच्या आतील पानावर ‘सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन’ असे छापलेले असले तरी, ते छापणारा प्रकाशकच होता हे लक्षात ठेवून ती पावती जपून ठेवावी.